एएस/४०० संगणकांवरील मोठ्या फाइलींचे स्वरूपांतर

एएस/४०० संगणकांवरील फाइलींचे स्वरूपांतर म्हणजे आयबीएम कंपनीच्या एएस/४०० या मध्यम क्षमतेच्या संगणकावर, तसेच आय-सिरीज, सिस्टिम आय आणि पॉवर संगणकांवरील आयबीएम आय या त्याच्या उत्तराधिकारी प्रणालींवर साठवलेली माहिती जुन्या रेकॉर्ड-रचनेतून नव्या रेकॉर्ड-रचनेत नेण्याची प्रक्रिया होय. फाइलमध्ये नवे क्षेत्र (फील्ड) घालणे, असलेल्या क्षेत्राची लांबी वाढवणे, त्याचा प्रकार बदलणे अथवा निरुपयोगी क्षेत्र काढून टाकणे ही अशा स्वरूपांतराची नेहमीची कारणे आहेत. काही हजार रेकॉर्डांच्या फाइलीत हे काम मिनिटभरात होते. फाइल काही कोटी रेकॉर्डांची असली, तिच्यावर वीस-पंचवीस अनुक्रमणिका बांधलेल्या असल्या आणि कारखाना किंवा बँक सकाळी पुन्हा सुरू व्हावयाची असली, की तेच काम कठीण होऊन बसते.

पार्श्वभूमी

एएस/४०० हा संगणक २१ जून १९८८ रोजी जाहीर झाला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील आयबीएमच्या केंद्रात त्याची निर्मिती झाली. १९७८ मध्ये जाहीर झालेला सिस्टिम/३८ आणि त्यानंतरचा सिस्टिम/३६ या दोन भिन्न वंशांच्या यंत्रांचा तो वारस होता. त्याचा डेटाबेस निराळा विकत घ्यावा लागत नसे. तो कार्यप्रणालीचाच एक भाग होता. ही कल्पना सिस्टिम/३८ कडून आली. पुढे या डेटाबेसला डीबी२/४०० असे नाव मिळाले.

या यंत्रांवर घाऊक व्यापार, विमा, बँका, वाहतूक आणि कारखान्यांतील साठ्याचा हिशेब अशी कामे दशकानुदशके चालत आली आहेत. एखादी फाइल १९८९ मध्ये निर्माण होऊन आजही वापरात असणे येथे नवलाचे नाही. ज्या कारणामुळे या यंत्रांची विश्वासार्हता वाखाणली जाते, त्याच कारणामुळे स्वरूपांतराचा प्रश्नही उद्भवतो. यंत्र बदलले तरी फाइल तशीच पुढे चालत राहते आणि तिच्या निर्मात्यांनी न कल्पिलेल्या गरजा तिच्यावर येऊन पडतात.

फाइलची रचना आणि स्तर-तपासणी

एएस/४०० वर प्रत्यक्ष माहिती 'फिजिकल फाइल'मध्ये असते. 'लॉजिकल फाइल' ही त्याच माहितीकडे पाहण्याची निराळी खिडकी असते: तिच्यात क्रम वेगळा असू शकतो, काही क्षेत्रे गाळलेली असू शकतात, मात्र माहितीची दुसरी प्रत नसते. क्रमासाठी लागणारी अनुक्रमणिका 'ॲक्सेस पाथ' या नावाने ओळखली जाते. फाइलचे वर्णन पूर्वी डीडीएस या परिभाषेत लिहिले जाई. आता बहुधा एसक्यूएलमध्ये लिहिले जाते.

फाइल तयार होताना प्रणाली तिच्या रेकॉर्ड-रचनेवरून एक ओळखचिन्ह काढते. क्षेत्रांची नावे, त्यांचा क्रम, प्रकार आणि लांबी यांवर ते अवलंबून असते. प्रोग्रॅम संकलित (कंपाइल) करताना हे चिन्ह त्याच्यात नोंदले जाते. प्रोग्रॅम चालू होऊन फाइल उघडू लागला की दोन्ही चिन्हे ताडून पाहिली जातात आणि ती जुळली नाहीत तर सीपीएफ४१३१ हा संदेश येऊन प्रोग्रॅम थांबतो. हीच स्तर-तपासणी. म्हणून फाइलचे स्वरूप बदलणे म्हणजे तिचा वापर करणारे सर्व प्रोग्रॅम पुन्हा संकलित करणे, असा सर्वसाधारण नियम आहे.

ही तपासणी बंद करण्याची सोय आहे आणि घाईत ती अनेकदा वापरलीही जाते. नवे क्षेत्र रेकॉर्डच्या अगदी शेवटी घातले असेल तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमचे निभावते. क्षेत्र मध्ये घातले असेल तर जुना प्रोग्रॅम ग्राहक-क्रमांकाच्या जागी भलतेच अंक वाचतो, आणि तपासणीच बंद असल्याने कोणताही इशारा मिळत नाही. ही सवलत तात्पुरती म्हणून सुरू होते आणि कायमची होऊन बसते. अनुभवी प्रशासक ती टाळतात, हे योग्यच आहे.

सर्व प्रोग्रॅम एका रात्रीत संकलित करणे शक्य नसेल तेव्हा निर्धोक मार्ग लॉजिकल फाइलचा आहे. वाढवलेल्या फिजिकल फाइलला नवे नाव द्यावयाचे आणि जुन्या नावाची, जुन्याच क्षेत्रांची व जुन्याच रचना-नावाची लॉजिकल फाइल तिच्यावर बांधावयाची. ओळखचिन्ह पूर्वीचेच राहत असल्याने जुने प्रोग्रॅम न बदलता चालतात आणि नवे प्रोग्रॅम नवी फाइल वापरतात.

स्वरूपांतराचे मार्ग

सर्वांत जुना मार्ग सीपीवायएफ या आज्ञेचा. जुन्या फाइलचे नाव बदलून नव्या वर्णनाची रिकामी फाइल तयार केली जाते आणि 'मॅप' व 'ड्रॉप' हे पर्याय देऊन माहिती नकलली जाते. 'मॅप'मुळे सारख्या नावाची क्षेत्रे परस्परांशी जुळवली जातात व नव्या क्षेत्रांत मूलभूत मूल्य (अंकांसाठी शून्य, अक्षरांसाठी रिक्त जागा, किंवा वर्णनात नेमून दिलेले मूल्य) भरले जाते. 'ड्रॉप'मुळे नव्या रचनेत नसलेली क्षेत्रे गाळली जातात. क्षेत्राचे नावच बदलले असेल तर मात्र प्रणालीला ते ओळखता येत नाही. जुने क्षेत्र गळते, नवे रिकामे राहते आणि आज्ञा यशस्वी झाल्याचा संदेश येतो.

या मार्गात एक खाच आहे. फिजिकल फाइलचे नाव बदलले तरी तिच्यावरील लॉजिकल फाइली तिलाच चिकटून राहतात, कारण त्यांचा संबंध नावाशी नसून वस्तूशी असतो. नवी फाइल जुन्या नावाने तयार झाली तरी लॉजिकल फाइली जुनीच माहिती दाखवत राहतात. त्या काढून नव्याने बांधाव्या लागतात.

दुसरा मार्ग सीएचजीपीएफ ही आज्ञा नव्या वर्णनासह देण्याचा, किंवा एसक्यूएलमधील 'ऑल्टर टेबल' या विधानाचा. येथे प्रणाली स्वतःच फाइलचे रूपांतर करते आणि लॉजिकल फाइली, बंधने, ट्रिगर व अधिकार यांचा सांभाळ करते. काम संपेपर्यंत फाइल पूर्णतः कुलूपबंद राहते, आणि जुनी व नवी अशा दोन्ही प्रतींना पुरेल इतकी जागा डिस्कवर असावी लागते. एखादे क्षेत्र गळून माहिती नष्ट होण्याचा संभव असेल तर सीपीए३२बी२ हा प्रश्नरूप संदेश येतो आणि उत्तर मिळेपर्यंत काम थांबून राहते.

तिसरा मार्ग स्वतंत्र प्रोग्रॅमचा, बहुधा आरपीजी भाषेतील. मूल्यांचा अर्थच बदलावयाचा असतो तेव्हा याला पर्याय नसतो.

वेग कशावर अवलंबून असतो

दोनशे बाइटांचा एक याप्रमाणे पाच कोटी रेकॉर्डांची फाइल सुमारे १० जीबी भरते. सेकंदाला २,००० रेकॉर्ड या गतीने तिची नक्कल करण्यास जवळजवळ सात तास लागतील. २०,००० या गतीने सुमारे ४२ मिनिटे पुरतील. दोन्ही वेग एकाच यंत्रावर संभवतात. फरक पडतो तो प्रामुख्याने दोन गोष्टींनी: वाचनाचा क्रम आणि अनुक्रमणिकांची देखभाल.

मूळ फाइलला किल्ली-क्षेत्र (की) असेल तर सीपीवायएफ रेकॉर्ड किल्लीच्या क्रमाने वाचते. किल्लीचा क्रम आणि डिस्कवरील प्रत्यक्ष क्रम सहसा वेगळे असतात, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डासाठी निराळे पान उचलावे लागते. आज्ञेत 'पहिल्या क्रमांकाच्या रेकॉर्डापासून' असे स्पष्ट लिहिले, म्हणजे फ्रॉमआरसीडी या ठिकाणी १ हा आकडा घातला, की वाचन आगमन-क्रमाने होते. पाने ओळीने उचलली जातात आणि प्रणालीला पुढची पाने आधीच आणून ठेवता येतात. मोठ्या फाइलीत या एका आकड्याने कित्येक तास वाचतात. नव्या शिकणाऱ्यांना तो सहसा कोणी सांगत नाही आणि आज्ञेच्या पडद्यावर पाहून तो सुचण्यासारखाही नाही.

दुसरी गोष्ट अनुक्रमणिकांची. नव्या फाइलवर वीस लॉजिकल फाइली असतील आणि त्यांची देखभाल तत्काळ होत असेल, तर प्रत्येक रेकॉर्ड लिहिताना वीस अनुक्रमणिकांत नोंद घालावी लागते. त्यापेक्षा आधी सर्व रेकॉर्ड रिकाम्या, अनुक्रमणिकाविरहित फाइलीत भरून घ्यावेत आणि मग प्रत्येक अनुक्रमणिका एका दमात बांधावी हे कितीतरी स्वस्त पडते. ग्रंथालयात पुस्तक येताच वीस सूच्यांत टिपण घालण्याऐवजी वर्षाअखेरीस सर्व पुस्तके लावून एकेक सूची तयार करावी, तसाच हा प्रकार आहे. अस्तित्वात असलेल्या लॉजिकल फाइलीचा सदस्य (मेंबर) काढून नंतर पुन्हा जोडला तरी हाच परिणाम साधतो. देखभाल पुढे ढकलण्याचा पर्यायही आहे, पण किल्ली अनन्य (युनिक) असेल तर तो चालत नाही, कारण दुबार किल्ली लिहिण्याच्या क्षणीच ओळखावी लागते.

अनुक्रमणिका बांधण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. ग्राहक, तारीख व बीजक-क्रमांक अशी तीन क्षेत्रांची अनुक्रमणिका आधी तयार असेल, तर केवळ ग्राहक व तारीख मागणारी लॉजिकल फाइल तिचाच वापर करू शकते आणि दुसरी अनुक्रमणिका बांधावीच लागत नाही. हे वाटून घेणे साधावे म्हणून लांब किल्लीच्या फाइली आधी आणि आखूड किल्लीच्या नंतर निर्माण केल्या जातात. क्रम उलटा झाला तर दोन्ही बांधल्या जातात आणि त्यानंतर प्रत्येक नव्या रेकॉर्डामागे दोन्हींची देखभाल करावी लागते.

जर्नल चालू असलेल्या फाइलीत प्रत्येक नवा रेकॉर्ड दोनदा लिहिला जातो: एकदा फाइलीत, एकदा जर्नलमध्ये. स्वरूपांतरापुरते जर्नल बंद ठेवून नंतर ते पुन्हा सुरू करण्याची आणि लगेच फाइलचा नवा संरक्षित साठा (बॅकअप) घेण्याची पद्धत आहे. हा साठा न घेतल्यास पुढील जर्नल-नोंदी ज्या पायावर लावावयाच्या तो पायाच उपलब्ध नसतो. जर्नलच्या आधारे दुसऱ्या यंत्रावर प्रतिकृती ठेवली जात असेल तर ती प्रतिकृतीही नव्याने जुळवावी लागते. अंदाजपत्रकात हा वेळ धरायचे अनेकदा राहून जाते.

फाइलचे रेकॉर्ड-क्रमांकांनुसार भाग पाडून एकाच वेळी अनेक कामांकडून नक्कल करून घेता येते. पाच कोटींचे पाच भाग करून पाच कामे सोडली तर डिस्क व प्रोसेसर यांना झेपेल तितका वेग वाढतो. त्यापुढे कामे वाढवली तर ती एकमेकांच्या वाटेत येतात. पाचही कामे एकाच फाइलीत लिहीत असल्याने रेकॉर्डांचा मूळ आगमन-क्रम मात्र मोडतो. जुन्या प्रोग्रॅमांपैकी काही रेकॉर्ड-क्रमांकावरूनच नोंद शोधतात. असे प्रोग्रॅम असतील तर भाग पाडू नयेत, आणि खोडलेल्या रेकॉर्डांच्या रिकाम्या जागाही तशाच नकलाव्यात. एरवी सीपीवायएफ त्या गाळून टाकते आणि पुढचे सर्व क्रमांक सरकतात.

आकाराची मर्यादा हा एक क्षुल्लक वाटणारा पण रात्र वाया घालवणारा मुद्दा आहे. डीडीएसने फाइल तयार करताना आकार सांगितला नाही तर १०,००० रेकॉर्ड आणि वर हजार-हजाराच्या तीन वाढी, म्हणजे एकूण १३,००० रेकॉर्ड एवढीच मुभा असते. चौदा हजारावी नोंद येण्यापूर्वीच सीपीए५३०५ हा संदेश यंत्रचालकाच्या रांगेत जाऊन बसतो आणि काम उत्तराची वाट पाहत राहते. चालक घरी गेलेला असेल तर सकाळी पाच कोटींपैकी तेरा हजार रेकॉर्ड नकललेले आढळतात. 'कमाल मर्यादा नाही' असे आधीच नमूद केले की हा प्रसंग येत नाही.

सन २००० चे स्वरूपांतर

या यंत्रांच्या इतिहासातील सर्वांत व्यापक स्वरूपांतर विसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. वर्षासाठी दोनच अंक ठेवलेल्या तारखा चार अंकांच्या करावयाच्या होत्या. मुंबई-पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांतील अनेक मराठी अभियंत्यांचा परदेशी ग्राहकांच्या यंत्रांशी संबंध या कामातूनच आला.

एएस/४०० वर या प्रश्नाला एक सुंदर उत्तर सापडले होते. तेथे अंक बहुधा 'पॅक्ड' पद्धतीने, एका बाइटात दोन याप्रमाणे साठवले जातात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह असते. सहा अंकी तारखेला सहा अंक व चिन्ह असे सात अर्धे बाइट लागतात, पण जागा पूर्ण बाइटांत मिळत असल्याने ती चार बाइट व्यापते व पहिला अर्धा बाइट शून्य राहतो. म्हणजे त्याच चार बाइटांत सात अंक मावू शकतात. हा सातवा अंक शतकासाठी वापरला गेला: ० म्हणजे १९००चे शतक, १ म्हणजे २०००चे. ३१ डिसेंबर १९९९ ही तारीख ०९९१२३१ अशी, तर १ जानेवारी २००० ही १०००१०१ अशी लिहिली जाते. जुन्या तारखांतील रिकामे शून्य आपोआपच योग्य शतक दाखवू लागले. रेकॉर्डची लांबी बदलली नाही, क्रम बिघडला नाही आणि नक्कल करताना क्षेत्र जुळवण्याचीही गरज उरली नाही. बाइट जसेच्या तसे उचलता आले. ओळखचिन्ह बदलत असल्याने प्रोग्रॅम मात्र संकलित करावेच लागले. आठ अंकी तारीख निवडणाऱ्यांना पाचवा बाइट द्यावा लागला आणि त्यासोबत संपूर्ण रेकॉर्डाची मांडणी बदलावी लागली.

ज्यांनी फाइल न बदलता केवळ प्रोग्रॅममध्ये वर्षाचा अर्थ लावला, त्यांनी एक उधारी पुढे ढकलली. या प्रणालीच्या प्रचलित नियमानुसार दोन अंकी वर्ष ४० ते ९९ असेल तर ते १९४० ते १९९९ आणि ०० ते ३९ असेल तर २००० ते २०३९ मानले जाते. निवृत्तिवेतनाच्या फाइलीत १९३२ साली जन्मलेल्या व्यक्तीचे वर्ष ३२ असे नोंदलेले असेल आणि स्वरूपांतराच्या प्रोग्रॅमने हा नियम डोळे झाकून लावला, तर ती व्यक्ती २०३२ साली जन्मावयाची ठरते. जन्मतारखांसाठी वेगळा नियम लावावा लागतो.

युरो चलनाचे स्वरूपांतर निराळ्या प्रकारचे होते. १ जानेवारी २००२ पासून युरोच्या नोटा व नाणी चलनात आली. एका युरोस १.९५५८३ जर्मन मार्क किंवा १,९३६.२७ इटालियन लिरा असे दर कायमचे ठरलेले होते. येथे क्षेत्र रुंद करून भागत नव्हते. प्रत्येक रक्कम भागावी व पूर्णांकित करावी लागे, आणि लिरासारख्या अपूर्णांकविरहित रकमांना दशांश स्थळेही द्यावी लागत. ओळींच्या रकमा वेगवेगळ्या पूर्णांकित केल्या की त्यांची बेरीज बीजकाच्या एकूण रकमेशी एखाद्या सेंटने जुळत नाही. हा फरक कोठे दाखवावयाचा हा प्रश्न प्रोग्रॅमरचा नसून लेखापालाचा होता.

अशुद्ध माहिती

सिस्टिम/३६ वरून आलेल्या फाइलींत अंकांच्या क्षेत्रांत रिक्त जागा भरलेल्या आढळतात. जुने यंत्र त्या शून्य समजून चालवून घेई. एएस/४०० घेत नाही. असा रेकॉर्ड वाचताना एमसीएच१२०२ हा दशांश-दोषाचा संदेश येतो. डीडीएसची फाइल माहितीची तपासणी वाचताना करते, एसक्यूएलचे टेबल लिहितानाच करते. त्यामुळे वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानीमनी नसलेला दोष डीडीएसकडून एसक्यूएलकडे जाताना एकदम उघडा पडतो, आणि तोही बहुधा मध्यरात्रीनंतर. चुका सोडून पुढे जाण्याची मुभा सीपीवायएफमध्ये आहे. पण वगळलेले रेकॉर्ड वेगळे काढून ठेवले नाहीत तर ते कोणाचे होते हेही कळत नाही. म्हणून एक-दोन आठवडे आधी माहितीच्या प्रतीवर रंगीत तालीम घेणे हाच यावरील खात्रीचा उपाय मानला जातो. वेळेचा खरा अंदाजही त्यातूनच मिळतो.

देवनागरी आणि युनिकोड

या यंत्रांवर अक्षरे मुळात एबसिडिक या संकेतात साठवली जातात. प्रत्येक क्षेत्राला सीसीएसआयडी हा संकेत-क्रमांक असतो: ३७ हा अमेरिकी इंग्रजीचा, ११३७ हा एबसिडिकमधील देवनागरीचा, १२०८ हा यूटीएफ-८ चा आणि १२०० हा यूटीएफ-१६ चा. ६५५३५ या क्रमांकाचा अर्थ 'रूपांतर करू नये' असा असल्याने त्या क्षेत्रातील मजकूर आपोआप बदलला जात नाही. त्याचा खरा संकेत आधी शोधून काढावा लागतो.

इंग्रजी नावांची फाइल मराठी नावांसाठी युनिकोडमध्ये नेताना लांबीचा हिशेब चुकतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि डोळ्यांना एक दिसणारे अक्षर संगणकाला एक नसते. 'स्त्री' हा शब्द स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा चिन्हांचा असून यूटीएफ-८ मध्ये १८ व यूटीएफ-१६ मध्ये १२ बाइट व्यापतो. तीस बाइटांच्या क्षेत्रात इंग्रजी तीस अक्षरे मावतात, मराठी चिन्हे दहाच. क्षेत्र अपुरे पडले की नाव मध्येच तुटते, आणि तेही कधी जोडाक्षराच्या पोटात.

पडताळणी

नक्कल संपल्यावर दोन्ही फाइलींतील रेकॉर्डांची संख्या, रकमेच्या क्षेत्रांच्या बेरजा आणि किल्ली-क्षेत्रांची किमान व कमाल मूल्ये ताडून पाहिली जातात. क्रमांकाच्या क्षेत्रांची, उदाहरणार्थ ग्राहक-क्रमांकांची, बेरीज व्यवहारात निरर्थक असली तरी येथे उपयोगी पडते, कारण क्षेत्रे सरकली असतील तर ती लगेच बिघडते. त्यानंतर बंधने पुन्हा सुरू केली जातात, जर्नल जोडले जाते आणि अनुक्रमणिकांसह फाइलचा संरक्षित साठा घेतला जातो. अनुक्रमणिका साठ्यात घेतल्या नाहीत तर संकटकाळी फाइल परत आणल्यावर त्या पुन्हा बांधण्यात तोच सर्व वेळ जातो. जुनी फाइल निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत काढून टाकली जात नाही, कारण काही प्रोग्रॅम महिन्यातून एकदाच चालतात.